जुन्या इंजिनात क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकतोय का? मोजायचं कसं आणि ओळखायचं कसं

क्लचचं पेडल दाबल्यावर क्रँकची (क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली पुढे सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसत असेल, तर मोजमाप होईपर्यंत ती गाडी चालवू नका. धडधाकट इंजिनात ही हालचाल इतकी बारीक असते की डोळ्यांना ती दिसतच नाही, पुलीवर बोट ठेवलं तर जेमतेम जाणवते. बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टचा एंड प्ले, म्हणजे त्याला लांबीच्या दिशेने सरकायला ठेवलेली मोकळीक, ०.०५ ते ०.२५ मिमीच्या आत असते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो. हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात तो ०.०७ ते ०.१३ मिमी असतो आणि ०.१५ ला झिजेची मर्यादा संपते. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनात ०.०५ ते ०.१८ मिमी चालतो, मर्यादा ०.२५. म्हणून हत्यारं काढण्याआधी आपल्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले तीन आकडे कागदावर उतरवून घ्या: किमान, कमाल आणि झिजेची मर्यादा. दुसऱ्या इंजिनाचा आकडा आपल्याला लावू नका.

पुढच्या मजकुरात ‘पुढे’ म्हणजे पुलीच्या दिशेने आणि ‘मागे’ म्हणजे फ्लायव्हीलच्या (क्लचकडच्या जड चाकाच्या) दिशेने. इंजिन गाडीत आडवं बसलेलं असो वा मागच्या बाजूला, दिशा याच धरा.

ही हालचाल अडवतं कोण

क्रँकचा भार पेलायला मेन बेअरिंग असतात, पण त्याला पुढे-मागे जाण्यापासून अडवायचं काम फक्त एकाच मेन बेअरिंगकडे असतं. काही इंजिनांत त्या बेअरिंगलाच दोन्ही बाजूंना कडा असतात. काहींत अर्धचंद्राच्या आकाराचे सुटे थ्रस्ट वॉशर बसवलेले असतात (थ्रस्ट म्हणजे लांबीच्या दिशेचा रेटा). बीटलमध्ये फ्लायव्हील आणि मेन बेअरिंगच्या मधे तीन पातळ शिम (चकत्या) घालून मोकळीक ठरवली जाते.

या थ्रस्टच्या भागाची अडचण मुळातच आहे. मेन बेअरिंग गोल असतं, त्यात फिरणारा क्रँक तेल आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या तेलावर तरंगतो. थ्रस्टचे पृष्ठभाग मात्र सपाट असतात, त्यांना तसा आधार मिळत नाही. मेन बेअरिंगमधून बाहेर पडणारं तेल आणि वॉशरवरचे छोटे खाचे, एवढ्यावरच त्यांचं काम चालतं. त्यामुळे अधूनमधून येणारा भार ते आरामात सोसतात, सततचा भार सोसत नाहीत.

हा भार येतो क्लचकडून. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना इंजिनाच्या दिशेने रेटतं आणि सगळा क्रँक पुढे ढकलला जातो. क्रँकची मागची कड थ्रस्टच्या मागच्या बाजूवर दाबली जाते, म्हणून झीज जवळपास नेहमी मागच्या वॉशरवर जास्त आणि पुढच्यावर नाममात्र दिसते. ओढून सुटणारा क्लच असेल, तर हे नेमकं उलट होतं.

ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या गाड्यांत हे अर्धचंद्र वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात. ते ठरावीक मर्यादेपलीकडे पातळ झाले की खाचेतून निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडतात. त्यानंतर क्रँकचं पोलाद थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडावर घासतं. वॉशर ही किरकोळ वस्तू आहे, ब्लॉक तसा नाही. हा सगळा खटाटोप त्या एका टप्प्याच्या आधी पोचण्यासाठी आहे.

लक्षणं, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे स्लोवर चालणाऱ्या इंजिनातून येणारा जड, अनियमित ‘ठक’ असा आवाज, जो पेडलवर हलका पाय ठेवताच बंद होतो. पेडलमुळे क्रँक एका बाजूला दाबून धरला जातो आणि त्याचं आपटणं थांबतं. पेडल दाबताच इंजिनाचा स्लो खाली येणं हे दुसरं लक्षण. थोडासा फरक सर्वत्र पडतो, पण इंजिन अडखळण्याइतका पडत असेल तर थ्रस्टवर कोरडं घर्षण होत असण्याची शक्यता आहे.

क्लच कधी वर सुटतो, कधी खाली, असं होत असेल तर तेही लक्षात घ्या. क्रँक मिलिमीटरभर सरकला तर पेडलचा त्याच्या कित्येक पट प्रवास वाया जातो. मागच्या ऑइल सीलमधून वारंवार गळती, फॅन बेल्टची एकच कड खाल्ली जाणं, टायमिंग कव्हरवर पुलीच्या घासण्याची चकचकीत गोल रेघ, हे सगळे याच दोषाचे पुरावे असू शकतात. क्रँक सेन्सर असलेल्या इंजिनात क्लच दाबताच इंजिन बंद पडू शकतं, कारण सेन्सरची चकती जागेवरून सरकते. १९९० च्या दशकातल्या ४जी६३ इंजिनांत, फ्लायव्हीलला सात बोल्ट असलेल्या क्रँकमध्ये, हा दोष ‘क्रँकवॉक’ या नावाने ओळखला जातो आणि तिथे सेन्सर तुटल्यावरच तो कळतो असं पुष्कळदा होतं.

ऑइल प्रेशर उत्तम आहे म्हणजे क्रँकही उत्तम आहे, असं मात्र समजू नका. थ्रस्टकडे जाणारं तेल आधी मेन बेअरिंगच्या अरुंद फटीतून आलेलं असतं. मागचा वॉशर पूर्ण झिजला तरी काट्यावर त्याचा फरक फारसा दिसत नाही. वॉशर चेंबरमध्ये पडलेला असतानाही प्रेशर व्यवस्थित असू शकतं.

आधी हे चार संशयित बाजूला काढा

क्रँकला दोष देण्याआधी पुलीचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळलेला आहे का ते पाहा. तो सैल असेल तर पुली कीवर (तिला अडवणाऱ्या खाचेतल्या खिट्टीवर) पुढे-मागे डुलते आणि क्रँकच सरकतोय असा भास होतो. पुलीत रबराचा थर असेल आणि तो सुटला असेल, तर बाहेरचं कडं एकटंच हलतं, आतला भाग जागेवर असतो.

दुसरा संशयित फ्लायव्हीलचे बोल्ट. ते सैल असले तर मेन बेअरिंगसारखाच जड ठोका येतो. ऑटोमॅटिक गाडीत तडकलेली फ्लेक्स प्लेटही (फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ चकती) असाच आवाज करते.

तिसरा, इंजिन माउंटिंग. रबर सडलं असेल तर पेडल दाबताच अख्खं इंजिन पुढे झुकतं आणि पुली रेडिएटरच्या दिशेने येताना दिसते. पुली आणि ब्लॉक एकमेकांच्या तुलनेत हलतात का, हे पाहायचं असतं. पुली आणि बॉडी नव्हे.

चौथा, गिअरबॉक्स. पेडल दाबल्यावर थांबणारा सततचा घरघराट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. पेडल दाबल्यावर सुरू होणारा किणकिणाट किंवा सळसळ रिलीज बेअरिंगची. क्रँकचा आवाज यांच्यापेक्षा जड असतो आणि तुटक येतो.

डायल गेजने मोजणी

साहित्य मोजकंच लागतं: ०.०१ मिमीची डायल गेज, चुंबकी स्टँड, एक चपट्या तोंडाची छोटी पहार, लाकडी गुटका आणि पेडल दाबायला एक माणूस. इंजिन थंड हवं. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना अटकाव, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. खाली जायचं असेल तर गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. फॅन बेल्ट सैल करा, नाहीतर तो क्रँकला एका जागी धरून ठेवतो.

गेजचा चुंबक इंजिनाच्या ब्लॉकवरच बसला पाहिजे. ॲल्युमिनियमचं टायमिंग कव्हर असेल तर चुंबक धरणार नाही, मग ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टला पोलादी पट्टी कसून तिच्यावर स्टँड बसवा. गेज चॅसीवर ठेवून घेतलेलं माप टाकाऊ समजा, त्यात माउंटिंगची हालचाल मिसळलेली असते. गेजचं टोक क्रँकच्या बोल्टच्या डोक्यावर किंवा पुलीच्या आतल्या हबच्या सपाट, स्वच्छ भागावर टेकवा, रबरापलीकडच्या कड्यावर नको. गेजची दांडी क्रँकच्या अक्षाला समांतर असू द्या. ती तिरकी बसली तर आकडा चुकतो. पुलीपाशी जागा नसेल तर बेलहाउसिंगच्या तपासणीच्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या सपाट बाजूवर मोजता येतं.

आता क्रँक पूर्ण मागे रेटा. पुलीच्या हबवर लाकडी गुटका ठेवून दोन्ही हातांनी दाबलं तरी तो बहुधा सरकतो. तीन-चार सेकंद दाब धरा, कारण मधल्या जागेतलं थंड, जाड तेल बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. हात काढा, काटा स्थिर झाला की शून्य करा. मग क्रँक पूर्ण पुढे आणा. त्यासाठी खिडकीतून फ्लायव्हीलमागे पहारीचं टोक घालून हलकेच रेटा. ॲल्युमिनियमच्या बेलहाउसिंगवर पहारीचा टेकू घेणार असाल तर मधे लाकूड घाला, नाहीतर कड उडते. पुन्हा काही सेकंद धरा आणि पहार सोडल्यावरच आकडा वाचा. रेटत असताना वाचलं तर कव्हर, बेअरिंग कॅप आणि पहार यांचा लवचिकपणाही मापात येतो आणि ०.१५ चं ०.२० होतं.

हे तीनदा करा. तिन्ही आकड्यांत ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल तर स्टँड हलतोय किंवा क्रँक शेवटपर्यंत जात नाहीये. स्थिर आकडा मिळाला की क्रँक पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा, असं चार ठिकाणी. चारही ठिकाणी सारखं आलं तर झीज एकसमान आहे. एखाद्या ठिकाणी ठळकपणे वेगळं आलं तर क्रँकची थ्रस्ट कड वाकडी घासली गेल्याचा संशय घ्या.

शेवटी पेडलची चाचणी. क्रँक मागे रेटून गेज शून्य करा आणि मदतनिसाला पेडल सावकाश पूर्ण दाबायला सांगा. काटा जितका सरकतो तो क्लचने प्रत्यक्ष घेतलेला प्रवास. तो पहारीच्या मापाइतका किंवा किंचित कमी यायला हवा. जास्त आला तर गेजचा स्टँड ढळतोय. पेडल सोडल्यावर क्रँक आपणहून मागे येईलच असं नाही, त्यामुळे दर वेळी हाताने मागे रेटावा लागतो. ही चाचणी फक्त बंद इंजिनावर करा. चालत्या इंजिनापाशी गेज, सैल तार किंवा सैल बाही नको.

आकडा हाती आल्यावर

मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या आत असेल तर थ्रस्ट निर्दोष आहे, आवाजाचं मूळ दुसरीकडे शोधा. कमाल आकडा ओलांडला पण झिजेची मर्यादा ओलांडली नाही, तर घाई नाही, पण दर ऑइल बदलाला मोजत राहा. आकडा वाढत असेल तर थांबू नका. मर्यादा ओलांडली की चेंबर उतरवायचं. आणि ०.५ मिमीच्या पुढे गेला असेल, तर ते गॅरेजपर्यंत चालवत न्यायचं इंजिन नाही, ओढून न्या. मिलिमीटरभर किंवा जास्त असेल तर एखादा वॉशर निसटल्याचं धरूनच चाला.

आडव्या-उभ्या दिशेतली, म्हणजे मेन बेअरिंगमधली मोकळीक हा वेगळा विषय आहे आणि तो या मोजणीत कळत नाही. पुली पहारीने वर उचलून ढिलेपणा जाणवला तर तो जवळपास निश्चित दोष, पण जाणवला नाही म्हणून बेअरिंग चांगले असं ठरत नाही. गरम इंजिनात दर १००० आरपीएममागे १० पीएसआयपेक्षा प्रेशर कमी असेल, आणि भार आल्यावर खालून खोल ठोका येत असेल, तर चेंबर उतरवल्यावर मेन बेअरिंगही प्लास्टिगेजने (चेपून मोकळीक दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने) मोजून घ्या. कनेक्टिंग रॉडचा ठोका असेल तर त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढल्यावर तो मंदावतो. मेन बेअरिंगचा तितका मंदावत नाही.

चेंबर उतरवताना काय पाहायचं

ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि शेवटचा गाळ कापडातून गाळा. तांबूस-पिवळे चकचकीत कण म्हणजे बेअरिंगचा मुलामा गेलाय. चुंबकाला चिकटणारे पोलादी तुकडे म्हणजे मुलामा संपून वॉशरची पाठ किंवा क्रँकची कड घासली जातेय. फिल्टरही उभा कापून त्याच्या घड्या उलगडून बघा, चेंबरपेक्षा तिथे जास्त कळतं. चेंबरच्या तळाशी अर्धचंद्राची पट्टी सापडली तर निदान संपलं. तिची जाडी मायक्रोमीटरने मोजून ठेवा.

आता फिलर गेजने पडताळणी करा. क्रँक एका बाजूला रेटून दुसऱ्या बाजूच्या फटीत पाती घाला. हा आकडा डायल गेजपेक्षा थोडा कमी येणं स्वाभाविक आहे, कारण झिजून खळगा पडला असेल तर सपाट पाती त्याच्या कडांवर टेकते. दोन्हींत मोठी तफावत असेल तर डायल गेजवर विश्वास ठेवा.

थ्रस्टवाली कॅप काढा, फक्त ती एकच. काढण्याआधी तिच्यावर आणि ब्लॉकवर खूण करा, उलटी बसवलेली कॅप सगळं बिघडवते. वरच्या बाजूचे वॉशर पुष्कळ इंजिनांत खाचेतून गोल सरकवून बाहेर येतात, इंजिन उतरवावं लागत नाही. क्रँकच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती कड घासून-तासून पॉलिश केल्याशिवाय नवा वॉशर टिकणार नाही. गुळगुळीत आणि एकसारखी राखट चमक असेल तर क्रँक वाचलाय.

वॉशर निवडायचा हिशोब

इथे अंदाज चालत नाही, बेरीज-वजाबाकी करावी लागते. समजा डायल गेजने ०.४२ मिमी दाखवलं आणि मॅन्युअलमध्ये ०.१० ते ०.२० आहे. नवा वॉशर २.३४ मिमी जाड आहे. जुना मागचा २.१५ भरला, पुढचा २.३०. नवे बसवल्यावर ०.१९ आणि ०.०४, म्हणजे ०.२३ मिमी भरून निघेल आणि मोकळीक ०.१९ उरेल. काम झालं, मूळ मापाचे वॉशर पुरेसे.

पण जुना मागचा २.२८ भरला असता तर? भरून निघालं असतं फक्त ०.१०, आणि ०.३२ मोकळीक उरली असती. उरलेली झीज क्रँकच्या कडेची आहे असा त्याचा अर्थ. अशा वेळी मागच्या बाजूला ०.१३ मिमी जास्त जाडीचा वॉशर घातला की ०.१९ वर येता येतं. हे जाड वॉशर बहुतेक जुन्या इंजिनांसाठी मिळतात. किंचित जास्त जाड झाला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तेल टाकून त्याची पोलादी पाठ घासा, मुलामा असलेल्या बाजूला हात लावू नका.

किमान आकड्याखाली मात्र जाऊ नका. ०.०३ वर ‘घट्ट’ बसवलेलं इंजिन गरम झाल्यावर फुगतं, तेलाला जागा उरत नाही आणि नवा वॉशर पहिल्याच फेरीत जळतो.

बसवताना होणारी चूक

सगळ्यात जास्त होणारी चूक एकच: वॉशर उलटा बसवणं. खाचे असलेली बाजू नेहमी फिरणाऱ्या क्रँककडे, गुळगुळीत पोलादी पाठ ब्लॉककडे. खाचे ब्लॉककडे गेले तर मुलामा नसलेलं पोलाद क्रँकवर घासतं.

दुसरी चूक जरा लपलेली असते. वरचा आणि खालचा अर्धा भाग एका रेषेत आला नाही, तर सगळा भार एकाच अर्ध्यावर येतो. म्हणून कॅपचे बोल्ट आधी हलकेच आवळा, क्रँक प्लास्टिकच्या हातोडीने मागे ठोका, मग पहारीने पुढे रेटून तसाच धरून बोल्ट टप्प्याटप्प्याने मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. क्रँक हाताने फिरतो ना पाहा, आणि चेंबर चढवण्याआधी पुन्हा गेज लावा.

मुळात झिजलं का

हे शोधल्याशिवाय नवे वॉशर बसवणं म्हणजे तोच दोष पुन्हा मागवून घेणं. केबलच्या क्लचमध्ये पेडलला मोकळा प्रवास नसेल तर रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटला टेकून राहतं आणि थ्रस्टवर कायमचा भार पडतो. मॅन्युअलमध्ये दिलेला मोकळा प्रवास ठेवा, बहुतेक गाड्यांत तो पेडलवर १० ते २५ मिमीच्या आसपास असतो. मूळपेक्षा ताठ प्रेशर प्लेट बसवली असेल तर दर दाबाला थ्रस्टवर जादा जोर येतो. सिग्नलला पेडल दाबून उभं राहण्यापेक्षा न्यूट्रल करा. थंड इंजिन सुरू करताना क्लच दाबण्याची सवय असेल तर ती सोडा, त्या क्षणी थ्रस्टवर तेल पोचलेलं नसतं. क्लच न दाबता सुरू करताना आधी न्यूट्रल आणि हँडब्रेक न चुकता तपासा.

ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरकडे (क्लचच्या जागी असलेल्या, तेलाने भरलेल्या भागाकडे) बघा. गिअरबॉक्स इंजिनाला बसवल्यावर, कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्याआधी, तो फ्लेक्स प्लेटपासून साधारण ३ मिमी मागे सरकायला हवा. जागाच नसेल तर तो पंपात पूर्ण बसलेला नाही आणि क्रँकला सतत पुढे रेटतोय. कूलरच्या पाइपमध्ये अडथळा असला तर आतला दाब वाढून कन्व्हर्टर फुगतो, परिणाम तोच.

इंजिनाची अर्थ वायरही तपासून घ्या. ती सडलेली असेल तर स्टार्टरचा करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि थ्रस्टच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. स्टार्टर फिरत असताना ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये व्होल्टमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वायर बदला, दोन्ही टोकं घासून स्वच्छ करा.

नवे वॉशर बसल्यावर गेजने आलेला आकडा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पहिलं ऑइल ८०० ते १००० किमीला बदला, तेव्हा त्याच जागी गेज लावून पुन्हा मोजा. ०.०२-०.०३ मिमीची वाढ बसण्यातली असते. त्यापेक्षा जास्त वाढ दिसली तर क्लचचा मोकळा प्रवास आणि क्रँकची कड पुन्हा तपासा.